शिकाऊ म्हणजे नक्की कोण? परांचीवरच्या कमी पगाराचा हिशेब

जानेवारीतल्या एका रविवारी गोव्यातल्या पेडण्याच्या बाजूचा एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. बारावी झालेला, स्कॅफोल्डिंगच्या, म्हणजे परांची बांधण्याच्या, एका ठेकेदाराकडे अप्रेंटिस म्हणून लागून दीड महिना झालेला. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. बँकेचा मेसेज होता, 5,500 रुपये जमा. "काका, करारात सात हजार लिहिलेत. दीड हजार मधल्या मध्ये खाल्ले बघा."

मी बरीच वर्षं साइटवर हजेरी लिहिली, आता लोकांचे फॉर्म भरून देतो. ठेकेदाराने पैसे खाल्ले असं कोणी म्हटलं की माझा पहिला कल ते खरं धरण्याकडेच असतो. या वेळी मात्र ठेकेदाराचा दोष नव्हता. शिकाऊ उमेदवाराला दर महिन्याला मिळणाऱ्या रकमेला कायद्यात पगार म्हणत नाहीत, विद्यावेतन म्हणतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार या विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा उचलतं, पण जास्तीत जास्त 1,500 रुपये. सात हजारांचे 25 टक्के 1,750 होतात, म्हणजे मर्यादा लागते आणि सरकारचा वाटा दीड हजारावर थांबतो. ही योजना 2016 मध्ये सुरू झाली तेव्हा मालक पूर्ण रक्कम देऊन सरकारकडून परत मागायचा. 2023 पासून सरकारचा वाटा थेट मुलाच्या खात्यात जातो आणि मालक फक्त आपला वाटा देतो. म्हणून 5,500.

मग दीड हजार कुठे? आधारवर आधारलेले सरकारी पैसे करारात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. सगळ्यात शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं गेलं तिथे ते जातात. या मुलाचं आधार शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्याला जोडलेलं होतं. त्या पासबुकावर दोन वर्षांत कोणी हात फिरवला नव्हता. पैसे तिथेच जाणार होते.

तक्रार तिथे मिटली. जाताना त्याने सहज विचारलं, "पण काका, सात हजार तरी कसले? माझ्याबरोबर पाइप उचलणाऱ्या बिगाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त मिळतात." याचं उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहितोय.

आधी आकडे. 2019 च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने शिकाऊ उमेदवारीचे नियम बदलले आणि किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ठरवून टाकलं. पाचवी ते नववी झालेल्याला महिना 5,000, दहावीला 6,000, बारावीला 7,000, आयटीआय झालेल्यालाही 7,000, डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 9,000. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. हे किमान आहे, मालकाने जास्त दिलं तर कायदा आडवा येत नाही. पण कमी पैशांच्या धंद्यात किमान हाच दर होऊन बसतो हे सांगायला नको.

महिन्याचे कामाचे 26 दिवस धरले तर सात हजारांचे रोजचे 269 रुपये होतात, दहावीवाल्याचे 231 आणि नववीवाल्याचे 192. गोव्यात रोजगार हमीच्या कामाचा दर 2024-25 मध्ये दिवसाला 356 रुपये होता. ओहोळातला गाळ काढणाऱ्या माणसाच्या कामाला मी कमी लेखत नाही, त्याला 356 सुद्धा थोडेच आहेत. पण वीस फुटांवर कमरेला पट्टा बांधून पाइप पकडणाऱ्या मुलाला त्याहून कमी, हे कायद्यात बसतं कसं?

बसतं, कारण कायद्याच्या नजरेत तो मुलगा कामगारच नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचं अठरावं कलम साफ सांगतं की शिकाऊ उमेदवार प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. किमान वेतनाच्या 1948 च्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहितेने घेतली. त्या संहितेतल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येतूनही 1961 च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार शब्दशः वगळलाय. भविष्य निर्वाह निधी नाही, कामगार विमा (ईएसआय) नाही. शिकून झाल्यावर नोकरी द्यायचं बंधनही मालकावर नाही. हा सगळा व्यवहार एका गृहीतावर उभा आहे: मालक पैसे कमी देतो, पण त्याबदल्यात विद्या देतो. सुताराच्या वडिलोपार्जित सुतारशाळेत वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, तेव्हा गृहीत सरसकट खोटं म्हणता येत नाही.

आता यातला जो भाग फारसा कोणी सांगत नाही तो सांगतो. हा दर नेहमीच असा रुपयांत बांधलेला नव्हता. 2014 पासून 2019 पर्यंत शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन राज्याने ठरवलेल्या अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाला जोडलेलं होतं. पहिल्या वर्षी त्याच्या 70 टक्के, दुसऱ्या वर्षी 80, तिसऱ्या वर्षी 90. हिशेबाच्या सोयीसाठी समजा की अर्धकुशल माणसाचा किमान दर दिवसाला 500 आहे. जुन्या पद्धतीने पहिल्या वर्षी शिकाऊला रोजचे 350, महिन्याचे 9,100 मिळाले असते. दुसऱ्या वर्षी 10,400, तिसऱ्या वर्षी 11,700. नव्या पद्धतीने बारावीवाल्याला पहिल्या वर्षी 7,000 आणि दुसऱ्या वर्षी 7,700.

रकमेपेक्षाही जोड तुटल्याचा फटका मोठा बसला. किमान वेतनात महागाई भत्ता धरलेला असतो. बाजारभाव चढले की तोही चढतो, त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागत नाही. विद्यावेतनाच्या रुपयाला असं काहीच बांधलेलं नाही. 2019 चे सात हजार 2020 मध्ये सात हजार, 2022 मध्ये सात हजार, 2024 मध्येही सात हजारच. तेवढ्या काळात जुवारी नदीवर नवा पूल झाला, मोपाचा विमानतळ उभा राहिला, पर्वरीत खोलीचं भाडं कुठल्या कुठे गेलं. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन 36 टक्क्यांनी वाढवून 6,800 ते 12,300 रुपयांच्या दरम्यान न्यावं अशी शिफारस केली. 36 हा आकडा ऐकायला घसघशीत वाटतो. पण 2019 पासून साचलेल्या महागाईसमोर तो ठेवला की वाढ कमी आणि थकबाकी जास्त दिसते.

गोव्यातल्या वाचकाला इंग्लंडचा दाखला लगेच कळेल, कारण पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेलं कोणीतरी जवळपास प्रत्येक वाड्यावर आहे. तिथेही शिकाऊला कमीच मिळतं. एप्रिल 2025 मध्ये शिकाऊचा किमान दर तासाला 7.55 पौंड झाला आणि एकवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या कामगाराचा 12.21. म्हणजे साधारण बासष्ट टक्के. पण दोन्ही आकडे एकाच किमान वेतनाच्या यादीत येतात, एकाच दिवशी बदलतात. आणि शिकाऊ एकोणीस वर्षांचा किंवा मोठा असला की पहिलं वर्ष संपताच त्याच्या वयाचा पूर्ण दर लागतो. म्हणजे शिकाऊपणाला तारीख असते. आपल्याकडे 2014 ते 2019 मध्ये हीच गोष्ट वेगळ्या वाटेने होत होती.

एवढं झालं कागदावरच्या शिकाऊचं. पण साइटवर "शिकाऊ" हा शब्द तीन वेगवेगळ्या माणसांसाठी वापरतात आणि खरा घोळ तिथे आहे. पहिला तो पेडण्याचा मुलगा, ज्याचा करार सरकारच्या पोर्टलवर नोंदलेला आहे. दुसरा म्हणजे कंपनीने आपल्या लेटरहेडवर "ट्रेनी" लिहून ठेवलेला. आणि तिसरा, संख्येने कितीतरी जास्त, म्हणजे ज्याच्याकडे कसलाही कागद नाही. मुकादमाने गावाहून आणलेला असतो, शनिवारी खर्ची घेतो, बाकीचा हिशेब काम संपल्यावर. "अजून शिकतोय हो तो," एवढंच त्याचं नेमणूकपत्र. झारखंडचा असतो, ओडिशाचा असतो, बेळगावकडचा असतो, कधी दोडामार्गचा आपलाच असतो.

कायद्याने या तिसऱ्या माणसाला शिकाऊ म्हणताच येत नाही. 1961 च्या कायद्यात शिकाऊ उमेदवार म्हणजे नोंदलेल्या करारानुसार प्रशिक्षण घेणारा. करार नसेल तर सवलत नाही, आणि सवलत नसेल तर तो साधा कामगार. त्याला किमान वेतन पहिल्या दिवसापासून लागू, अंगात कला असो नसो. अकुशल कामगाराचा दर असतोच कशासाठी? ज्याला अजून काही येत नाही त्याच्यासाठीच ना! "शिकतोय म्हणून कमी" ही वजावट फक्त करारवाल्यावर करता येते. बिनकागदाच्या माणसावर केली तर ती सरळ सरळ कमी वेतन दिल्याची केस होते.

हे मी मुकादमांना सांगून पाहिलंय. एकजण हसून म्हणाला, "मग मी त्याला शिकवू कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. त्याची बाजू समजून घ्यायची तर परांची बांधणं म्हणजे काय हे जवळून पाहावं लागतं.

सकाळी साडेसातला मी साइटवर पोहोचायचो तेव्हा नवीन मुलं अर्ध्या कापलेल्या ड्रमाभोवती बसलेली असायची. ड्रमात डिझेल आणि त्यात बुडवलेले क्लॅम्प. तारेच्या ब्रशने आट्यांतलं सिमेंट खरवडायचं, नट बोटाने शेवटपर्यंत फिरतो का बघायचं, नसेल फिरत तर बाजूला फेकायचा. दहा वाजेपर्यंत नखं काळी. मग पाइप. 48 मिलिमीटर व्यासाचा, सहा मीटर लांबीचा लोखंडी पाइप साधारण वीस-एकवीस किलोचा असतो. वजन फार वाटत नाही, पण लांबी फिरते. वळताना मागचं टोक कोणाच्या डोक्याला लागेल हे कळायलाच महिना जातो. वरच्याला पाइप उभा कसा द्यायचा, त्याने "सोड" म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही, पाना दोरीने कमरेला बांधायचा म्हणजे खाली पडून कोणाचं टाळकं फुटणार नाही, हे सगळं सांगून कळत नाही. रोज करत करत हाताला कळतं.

त्यानंतर खरी विद्या. तळाच्या बेस प्लेटखाली फळी घालायची, कारण आपली तांबडी माती पहिल्या पावसात लोण्यासारखी होते आणि एक पाय दोन इंच खचला तर वरचे चार थर तिरके होतात. उभे पाइप ओळंब्यात. आडवे कुठे, तिरके कुठे. ठरावीक उंचीवर परांची भिंतीला बांधायची, तिला टाय म्हणतात. फळ्यांच्या कडेला खालची पट्टी आणि कमरेच्या उंचीला कठडा. आणि सगळ्यात अवघड काम उतरवण्याचं, म्हणजे बांधलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने. घाईत एखादा टाय आधी सोडला तर उरलेला सांगाडा नुसत्या सवयीवर उभा असतो. जुवारीच्या काठावरच्या शिपयार्डांत जहाजाच्या पोटाखालून परांची बांधतात, तिथे तर सरळ भिंतच नाही. वक्र पत्र्याच्या अंगाने बांधता येणारा माणूस तयार व्हायला काही वर्षं जातात.

आता मुकादमाचा हिशेब. ही विद्या एका मालकाकडे अडकून राहत नाही. चांगला स्कॅफोल्डर उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे जाऊ शकतो, परवा आखातात रिफायनरीच्या शटडाउनवर. तिथे ट्रेड टेस्ट देऊन निवडला गेला की इथल्या ठेकेदाराला त्याच्याशी बरोबरीचा भाव देता येत नाही. मग ठेकेदार काय करतो? शिकवण्याचा खर्च तो पुढे वसूल करण्याची वाट बघत नाही, शिकतानाच वसूल करतो. पगार कमी ठेवून. अर्थशास्त्रातली ही जुनी गोष्ट आहे: कौशल्य कुठेही चालणारं असेल तर त्याची किंमत बहुतेक वेळा शिकणाराच मोजतो.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. परांची इमारतीत राहत नाही. काम झालं की ती उतरते, आणि गिऱ्हाईक ज्याचे पैसे देतं त्यात ती कुठे दिसत नाही. फ्लॅट घेणारा टाइल्स बघतो, रंग बघतो. त्या रंगासाठी चार महिने उभा असलेला लोखंडी पिंजरा बिलात एका ओळीत असतो, कधी रंगाऱ्याच्या दरातच मिसळलेला. चौरस मीटरला इतके रुपये. बिल्डरला खर्च कापायचा असला की सुरी आधी तिथे फिरते आणि ठेकेदार ती पुढे मजुरीवर फिरवतो. वर गंमत अशी की परांची नीट बांधली तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याला भाव मिळत नाही.

करारातल्या शिकाऊला मात्र काही हक्क आहेत, आणि ते मुलांना माहीत नसतात. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळालं पाहिजे. धोक्याच्या उद्योगाशी संबंधित ट्रेडमध्ये वय अठरा पूर्ण हवं. शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. कामाच्या मापावर पैसे द्यायलाही बंदी आहे. "आज दोन थर उतरवले तर दोनशे जास्त" हे साइटवर सर्रास चालतं आणि जुन्या माणसांना ते आवडतंही. शिकाऊला मात्र यात ओढायचं नाही. कारण उघड आहे, दोनशे रुपयांच्या घाईत टाय आधी सुटतो. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, मुलाला पगारदार धरलेलं नसलं तरी. हेल्मेट, बूट, हार्नेस यांचे पैसे विद्यावेतनातून कापलेले मी पाहिलेत. सुरक्षेची साधनं देणं हे मालकाचंच काम आहे, तो उपकार नव्हे.

कायद्याचे दात मात्र बोथट आहेत. 2014 च्या दुरुस्तीत मालकाला तुरुंगवासाची तरतूद काढून टाकली, दंड तेवढा उरला. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायलाच हवेत असा नियम आहे. पण स्कॅफोल्डिंगचं काम पोटठेकेदाराच्याही पोटठेकेदाराकडे असतं आणि त्याच्या कागदावर क्वचितच तीस नावं भरतात. त्यामुळे नोंदलेला शिकाऊ हाच अपवाद ठरतो.

तक्रार कुठे करायची हे तुम्ही कुठल्या प्रकारचे शिकाऊ आहात त्यावर ठरतं. करार असेल तर विद्यावेतनाचा वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागारापुढे जातो, म्हणजे कौशल्य विकास खात्याकडे. करार नसेल तर तुम्ही कामगार, तेव्हा श्रम आयुक्तांकडे. गोव्यात ही दोन्ही कार्यालयं पणजीला पाटोवर श्रम शक्ती भवनात आहेत. कदंबाच्या बसस्टँडवरून चालत जाता येतं. पण चुकीच्या दारात गेलात तर अर्धा दिवस गेला आणि त्या दिवसाची हजेरीही. जाताना करार असेल तर त्याची प्रत, नसेल तर खर्ची घेतल्याच्या तारखा एका वहीत लिहून न्या. मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही पुसू नका. अठरा ते साठ वयाच्या आणि गेल्या बारा महिन्यांत बांधकामावर 90 दिवस भरलेल्या माणसाला बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडेही नोंद करता येते. बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर लागतो तो याच मंडळासाठी असतो.

ज्याच्या अंगात काम आहे पण हातात कागद नाही त्याच्यासाठी आधीच्या शिक्षणाला मान्यता देणारी परीक्षा असते. बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेकडे सहाय्यक स्कॅफोल्डर, स्कॅफोल्डर अशा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. माझ्या मते दराइतकीच ही पायऱ्यांची गोष्ट महत्त्वाची आहे. कमी पैशांत एक वर्ष काढायला मुलं तयार असतात. घरचे भात-कढीवर निभावून नेतात. पण ते एक वर्ष कधी संपलं हे कोण सांगणार? आयटीआयच्या फिटरची परीक्षा असते, निकाल असतो, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र असतं. परांचीवरच्या हेल्परचा निकाल मुकादमाच्या जिभेवर.

आमच्या साइटवर असा एकजण होता, चांगला हात बसलेला, तीन वर्षं हेल्परच्या दरावर. मला हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे "हे." लिहायला लाज वाटायची, कारण नवीन मुलांना तोच शिकवायचा. एका एप्रिलमध्ये मी मुकादमाला म्हटलं, याला आता कारागिरात घ्या. तो म्हणाला, पावसाच्या आधी कशाला, जूनपासून कामं बंदच, चवथीनंतर बघू. चवथ झाली, माणसं परत आली, नवी वही निघाली. पहिल्या पानावर मुकादमाने स्वतःच नावं लिहून दिली होती. त्याच्या नावापुढे तेच "हे." होतं.